८५ चा आकडा : तांबट आळीपासून हेडफोनपर्यंत



हेडफोन लावून फोनचा आवाज वाढवत गेलं, की बऱ्याच फोनवर मध्येच एक सूचना येते : जास्त आवाजात बराच वेळ ऐकल्यास कानांना इजा होऊ शकते. आपण ‘ओके’ दाबतो आणि पुढे जातो. ही सूचना ज्या मर्यादेच्या आसपास येते, ती साधारण ८५ डेसिबलची असते. आता प्रश्न असा, की ८५ च का? ८० का नाही, ९० का नाही? हा आकडा कोणी, कधी आणि कोणासाठी ठरवला?

आज आपल्याला याच आकड्याचा इतिहास बघायचा आहे. तो शोधत मागे गेलं, की संगीताशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी आपण पोचतो : तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत, बॉयलरच्या पोटात आणि कारखान्याच्या पाळीत. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे, की हा आकडा कामगारांसाठी ठरला, तोही तडजोड म्हणून. सगळ्यांचे कान वाचतील असा दावा तो ठरवणाऱ्यांनीही केला नव्हता. तोच आकडा आज आपल्या मुलांच्या कानांसाठी वापरला जातो. म्हणून त्याची जन्मकथा माहीत असलेली बरी.

सुरुवात इटलीतून करू. १७०० साली मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याचं एक पुस्तक प्रसिद्ध झालं. विषय होता कामगारांचे आजार. रोग्याला काय काय विचारावं याची एक यादी वैद्यकात हिप्पोक्रेटिसच्या काळापासून चालत आलेली होती. रामाझिनीने तिच्यात एका प्रश्नाची भर घातली : तुम्ही काम काय करता? आज हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, पण व्यवसायजन्य आजारांचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नावर उभं आहे.

या पुस्तकात व्हेनिसमधल्या तांबटांचं वर्णन येतं. ते सगळे एकाच भागात राहतात, दिवसभर तांबं ठोकतात, आणि तिथला गोंगाट असा असतो की दुसरं कोणी त्या वस्तीत राहायला तयार होत नाही. या लोकांना हळूहळू कमी ऐकू येऊ लागतं आणि म्हातारपणापर्यंत त्याच धंद्यात राहिले तर ते पुरते बहिरे होतात, असं रामाझिनी नोंदवतो. पुणेकरांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. कसबा पेठेतली तांबट आळी ही अशीच, एका धंद्याची आणि त्या धंद्याच्या आवाजाची वस्ती. तो आवाज आपल्या लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसलेला होता, की झाडावर बसून ‘टुक टुक टुक’ करणाऱ्या हिरव्या पक्ष्यालाही आपण ‘तांबट’ म्हणतो.

म्हणजे बघा, सततच्या मोठ्या आवाजाने माणूस बहिरा होतो, हे छापील स्वरूपात तीनशेहून अधिक वर्षं माहीत आहे. माहिती नव्हती म्हणून काही केलं नाही, असं म्हणायला जागा नाही. मग अडलं कुठे? तर बहिरेपण हा धंद्याचाच एक भाग समजला गेला. हाताला घट्टे पडतात तसे कान जातात, त्यात काय विशेष!

पुढचा मुक्काम ग्लासगो. साल १८८६. स्कॉटलंडमधलं हे शहर म्हणजे तेव्हाचं जहाजांचं आणि बॉयलरचं मोठं केंद्र. बॉयलर बनवताना लोखंडी पत्रे रिव्हेट ठोकून जोडत. बाहेरून घणाचे घाव पडत असताना एक माणूस बॉयलरच्या आत बसून रिव्हेटला टेकू देई. घंटेच्या आत बसलं आहे आणि बाहेरून कोणीतरी ती घंटा सतत बडवतं आहे, अशी कल्पना करा. तसं दिवसाचे कित्येक तास, आणि वर्षानुवर्षं.

तिथल्या थॉमस बार या कानांच्या डॉक्टरांनी एक साधी पण फार हुशार पाहणी केली. त्यांनी १०० बॉयलर कामगार घेतले, १०० ओतारी घेतले आणि १०० पोस्टमन घेतले. ओताऱ्यांच्या कामात आवाज मध्यम, पोस्टमनच्या कामात जवळपास नाहीच. खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, ही त्यांची चाचणी होती. निष्कर्ष असा, की १०० बॉयलर कामगारांपैकी एकाचेही कान पूर्णपणे ठीक नव्हते. जाहीर सभेतलं बोलणं नीट ऐकू येतं का, हेही विचारलं गेलं. साधारण तीन चतुर्थांश बॉयलर कामगारांना त्यात अडचण होती. पोस्टमनमध्ये हे प्रमाण दहात एकाहूनही कमी होतं.

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. घड्याळाची टिकटिक ऐकू न येण्याने कोणाचं काही अडत नाही. पण सभा, चर्चमधलं प्रवचन, चार माणसांतलं बोलणं ऐकू आलं नाही, तर माणूस हळूहळू तिथे जाणं सोडतो. बहिरेपणाचं खरं नुकसान तिथे असतं.

आता कानाच्या आत काय बिघडतं ते पाहू, कारण पुढचा इतिहास समजायला ते लागेल. अंतर्कर्णात शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. १८५१ मध्ये आल्फोन्सो कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञाने तिच्या आतल्या नाजूक रचनेचं वर्णन केलं. तिथे ओळीने केसपेशी असतात, एका कानात साधारण १५ ते १६ हजार. ध्वनीच्या लहरीने त्यांच्यावरचे सूक्ष्म केस हलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. १८९० मध्ये हाबरमान या डॉक्टरांनी आवाजात काम केलेल्या एका कारागिराच्या मृत्यूनंतर त्याचा अंतर्कर्ण तपासला आणि नेमक्या याच भागात नाश झालेला दाखवून दिला. म्हणजे बिघाड पडद्यात नव्हता, मळ साचल्याचा नव्हता. तो आत होता आणि कायमचा होता.

गवतावरून एकदा माणूस चालत गेला, तर गवत वाकतं आणि थोड्या वेळाने परत उभं राहतं. रोज त्याच जागेवरून चाललं, की पायवाट पडते, आणि तिथे मग गवत उगवत नाही. केसपेशींचं तसंच आहे. मोठ्या आवाजातून बाहेर आल्यावर कान बधिर वाटतात, आत ‘गुंई’ असा आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं. ते वाकलेलं गवत. पण मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा येत नाही. पक्ष्यांमध्ये ती येते, हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोंबडीच्या पिल्लांवरच्या वगैरे अभ्यासांतून लक्षात आलं. तेव्हा झाडावरच्या तांबटाचं कदाचित निभावेल, आळीतल्या तांबटाचं नाही!

आवाजाने होणारं नुकसान उच्च स्वरांपासून सुरू होतं, बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास. तिथे गाण्याची चाल नसते, ढोलकीचा ठेका नसतो. त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण स, श, फ, ठ, थ, च अशा व्यंजनांची धार याच पट्ट्यात असते. स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून आवाज येत राहतो, शब्द मात्र निसटतो. भाजीवाल्याने ‘साठ’ म्हटलं, ‘सात’ म्हटलं की ‘आठ’ म्हटलं, हे कळेनासं होतं. ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही,’ हे वाक्य आपण घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं असतं. ते वाक्य वैद्यकीयदृष्ट्या अगदी अचूक आहे.

बरं, इतकं सगळं कळलेलं असूनही कायदा व्हायला आणखी कित्येक दशकं का लागली? एक मोठं कारण म्हणजे मोजमाप नव्हतं. खिशातली घड्याळं सगळी सारखी नसतात. ‘मोठा आवाज’ म्हणजे किती मोठा, हे सांगता येत नसेल, तर नियम कशावर करणार?

हे मोजमाप आलं टेलिफोनच्या घरातून. अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे मुळात बहिऱ्या मुलांचे शिक्षक. त्यांच्या आईला ऐकू येत नव्हतं, पत्नीलाही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या नावाने चालणाऱ्या टेलिफोन कंपनीतल्या अभियंत्यांना तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो ते मोजायचं होतं. त्यासाठी १९२० च्या दशकात जे एकक वापरात आलं, ते बेल यांच्याच नावावरून ‘डेसिबल’. त्याच दशकात त्याच मंडळींनी श्रवणशक्ती मोजणारं ऑडिओमीटर बाजारात आणलं. कॉक्लियात लहर कशी धावते हे शोधल्याबद्दल १९६१ चं नोबेल मिळवणारे गेओर्ग फॉन बेकेशी हेसुद्धा बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेतलेच.

आणि आता गंमत ऐका. हेडफोनही याच घरातलं अपत्य आहे. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात लोकांनी दोन्ही कानांना टेलिफोनचे रिसीव्हर लावून दूरच्या रंगमंचावरचा ऑपेरा ऐकला. १९१० च्या सुमारास अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून डोक्याला लावायचे हेडफोन बनवले आणि अमेरिकन नौदलाने ते घेतले. तेव्हा श्रवणाची हानी मोजणारं यंत्र आणि पुढे ती हानी करू शकणारं यंत्र, दोन्ही एकाच वंशातली. आजही कान तपासताना ऑडिओमेट्रीच्या खोलीत आपल्याला हेडफोनच लावायला देतात.

आता कायद्याकडे येऊ. मापन आलं तरी पहिली अडचण पैशाची होती. नुकसानभरपाई मिळायची ती बुडालेल्या मजुरीची. आणि बहिरा झालेला कामगार तर रोज कामावर येत होता, पूर्ण पगार घेत होता! मग भरपाई कसली? १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपिली न्यायालयाने एका लोहारखात्यातल्या कामगाराच्या दाव्यात निकाल दिला, की मजुरी बुडालेली नसली तरी श्रवणशक्ती गमावणं ही भरपाईस पात्र हानी आहे. कारखानदार आणि विमा कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. किती आवाज म्हणजे धोका, याचा आकडा आता त्यांनाही हवा होता.

१९६९ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या कंत्राटदारांसाठी मर्यादा घातली : दिवसाला आठ तास, ९० डेसिबल. १९७२ मध्ये तिथल्याच व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, ती ८५ वर आणण्याची शिफारस केली. आपला ८५ चा आकडा इथे भेटतो. तो सुरक्षिततेचा आकडा होता का? १९९८ मध्ये त्याच संस्थेने नव्याने हिशेब मांडला. वयानुसार जे ऐकणं कमी होतं ते सोडून, ४० वर्षं रोज आठ तास ९० डेसिबलमध्ये काम केलं, तर शंभरातल्या साधारण २५ जणांचं ऐकणं बाधित होईल. ८५ मध्ये काम केलं तर साधारण ८ जणांचं.

म्हणजे ८५ हा आकडा ठेवताना शंभरात आठ जणांचं नुकसान हिशेबात धरलेलं होतं. कारखाने चालले पाहिजेत, उपाय परवडले पाहिजेत आणि जास्तीत जास्त कान वाचले पाहिजेत, अशी ती तडजोड. कारखान्यासाठी ती समजण्यासारखी आहे. पण त्याच अमेरिकेत पर्यावरण संस्थेने १९७४ मध्ये वेगळा प्रश्न विचारला : जवळजवळ सगळ्या लोकांचे कान आयुष्यभर शाबूत राहायचे असतील, तर दिवसाची चोवीस तासांची सरासरी किती असावी? उत्तर आलं ७० डेसिबल. ७० आणि ८५ मध्ये पंधराचाच फरक दिसतो. पण डेसिबल किलोसारखे मोजत नाहीत. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दर दहाला दहापट. पंधरा डेसिबल म्हणजे तीसपटीहून जास्त.

आपल्याकडे १९४८ चा कारखाने अधिनियम होता. आवाजामुळे येणारं बहिरेपण त्याच्या अधिसूचित रोगांच्या यादीत होतं आणि त्या यादीवर १९८७ च्या दुरुस्तीची मोहर होती. मुंबईच्या गिरण्या भरभराटीत होत्या तो काळ तोवर संपत आला होता. ज्यांच्या घरात साचेखात्यात काम केलेलं माणूस होतं, त्यांना त्या आवाजाबद्दल आम्ही वेगळं सांगायला नको.

आता दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं? १९५८ मध्ये अमेरिकेत मिल्वॉकीच्या जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन आणले. तोवर हेडफोन हे बहुतांशी टेलिफोन आणि बिनतारी खात्याचं साधन होतं. मग आला १ जुलै १९७९. जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला, किंमत ३३ हजार येन. पहिल्या महिन्यात विक्री यथातथाच होती, पण ऑगस्ट संपेपर्यंत पहिली ३० हजारांची खेप संपली. काही वर्षांत तो आखातातून, सिंगापूरहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून आपल्याकडेही पोचला.

त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या, आणि एक बटण होतं. ते दाबलं की संगीत दबायचं आणि शेजारच्याशी बोलता यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांना वाटलं होतं, की चारचौघांत एकट्यानेच कानाला लावून ऐकत बसणं असभ्य दिसेल. म्हणजे हेडफोनची पहिली चिंता शिष्टाचाराची होती. पुढे ती दुसरी जागा गेली, बटणही गेलं. १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिज गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडायला बंदी घातली. ती चिंता अपघाताची. आणि त्याच १९८२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्टीरिओ इयरफोन आणि बहिरेपणा यांबद्दल डॉक्टरांचं पत्र छापून आलं. म्हणजे वॉकमन येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. इशारा याही वेळी उशिरा आला नव्हता.

पण इशारा द्यायचा कोणाला? इथे इतिहासाला मोठं वळण मिळतं. बॉयलरचा आवाज मालकाच्या कारखान्याचा होता. कामगार म्हणू शकत होता, की हा आवाज माझा नाही, मला भरपाई द्या. कारखान्यात निरीक्षक जाऊ शकत होता, मीटर लावू शकत होता. हेडफोनचा आवाज ऐकणाऱ्याने स्वतः लावलेला असतो, त्याला तो आवडतो, आणि त्याच्याशिवाय तो कोणालाच ऐकू येत नाही. निरीक्षक कानात कसा जाणार?

कॅसेटच्या काळात निसर्गनियमानेच थोडा लगाम होता. एक बाजू तीस-पंचेचाळीस मिनिटांत संपायची, सेल उतरायचे, आवाज फार वाढवला तर गाणं फाटायचं. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला आणि हजार गाणी खिशात आली. कितीही वाढवा, गाणं स्वच्छच. पुढे फोनने तर वेळेची हद्दच पुसली. गिरणीत पाळी संपली की भोंगा व्हायचा आणि साचेवाला बाहेर पडायचा. त्या आठ तासांनंतर त्याच्या कानांना सोळा तास विश्रांती होती. ८५ च्या आकड्यात तो विश्रांतीचा काळ गृहीत धरलेला आहे. हेडफोनला भोंगा नाही.

कायद्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. फ्रान्सने १९९६ मध्येच खिशातल्या संगीतयंत्रांवर १०० डेसिबलची मर्यादा घातली. २००२ मध्ये याच नियमापायी आयपॉड तिथल्या दुकानांतून काही काळ काढावा लागला आणि ॲपलने त्याची आज्ञावली बदलून तो परत आणला. अमेरिकेत उलट घडलं. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात ॲपलविरुद्ध दावा दाखल झाला, की हे यंत्र ११५ डेसिबलपर्यंत जातं आणि त्याने कान जाऊ शकतात. त्याच वर्षी कंपनीने आवाजाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय दिली. डिसेंबर २००९ मध्ये अपिली न्यायालयाने दावा फेटाळणारा निकाल कायम केला. न्यायालयाचं म्हणणं असं, की दावेदारांनी आपले स्वतःचे कान गेल्याचं म्हटलेलंच नाही, आणि यंत्र कमी आवाजात सुरक्षितपणे वापरता येतं. निवड तुमची, जबाबदारी तुमची. तर्क म्हणून हे बरोबर आहे. पण ज्या हानीची जाणीव व्हायला दहा-वीस वर्षं लागतात, तिच्यापुढे हा तर्क अपुरा पडतो.

युरोपने मधला मार्ग काढला. २००८ मध्ये तिथल्या शास्त्रीय समितीने अहवाल दिला, की आठवडाभर रोज तासाहून जास्त वेळ ८९ डेसिबलच्या वर ऐकणं पाच वर्षं चालू राहिलं, तर अशा यंत्रांवर ऐकणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना कायमची हानी होण्याचा धोका आहे. त्यातून नवं मानक आलं आणि २०१३ पासून ते लागू झालं : सुरुवातीची मर्यादा ८५ डेसिबल, त्यापुढे जायचं तर सूचना वाचून संमती द्यायची, कमाल १०० डेसिबल आणि दर २० तास ऐकल्यावर पुन्हा सूचना. आपण ज्या सूचनेपासून सुरुवात केली, तिचा जन्म हा असा. कारखान्याचा आकडा खिशात आला तो या वाटेने.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ‘एक अख्खी पिढी बहिरी झाली’ असं जे बोललं जातं, त्याला आकडे साथ देत नाहीत. अमेरिकेत १२ ते १९ वयाच्या मुलांच्या राष्ट्रीय पाहणीत कमी ऐकू येण्याचं प्रमाण १९८८ ते ९४ च्या काळात १४.९ टक्के होतं, ते २००५-०६ मध्ये १९.५ झालं. मोठी चर्चा झाली. पण २००९-१० मध्ये तेच प्रमाण १५.२ वर आलं. तेव्हा घबराट पसरवण्यात अर्थ नाही.

पण म्हणून निर्धास्त व्हावं का? २००९ मध्ये हार्वर्डशी संलग्न प्रयोगशाळेत शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशी शाबूत होत्या. मात्र केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यामधल्या जोडण्या, कानाच्या एका भागात, जवळपास निम्म्या कायमच्या तुटल्या होत्या. याचा अर्थ गवत परत उभं राहिलेलं दिसतं, पण खाली मुळं तुटलेली असू शकतात. माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत. तरीही ‘दुसऱ्या दिवशी ठीक झालं, म्हणजे काही बिघडलं नाही’ हा बार यांच्या काळापासूनचा दिलासा आता पहिल्याइतका भक्कम राहिलेला नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर जे मानक जाहीर केलं, त्यात कारखान्याचा ८५ घेतला नाही. मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल. हा आठवड्याचा शिधा समजा. आवाज तीन डेसिबलने वाढवला, की शिधा निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास, ९५ ला सव्वा तास. ९८ ला जेमतेम ३७ मिनिटं, तीही अख्ख्या आठवड्याची!

आपल्याकडे आवाजाविरुद्धची लढाई मोठी आहे, आणि तिच्यात मुंबईकर पुढे राहिले. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या ध्वनिवर्धकांबद्दल सविस्तर निकाल दिला. पण हे सगळं दुसऱ्याच्या आवाजाबद्दल आहे. मंडपासमोरच्या भिंतींचा आवाज पोलिसांना मोजता येतो. आपल्याच कानात आपणच लावलेल्या आवाजापाशी येऊन कायदा थांबतो. आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंधही आहे. लोकलच्या डब्यात, रिक्षात, रहदारीत आपण हेडफोनचा आवाज वाढवतो तो बाहेरचा गोंगाट बुजवायला. शहर जितकं गोंगाटी, तितका कानातला आवाज मोठा. तेव्हा हॉर्न आणि भिंतीविरुद्ध भांडणं हेसुद्धा कान वाचवण्याचंच काम आहे.

मग आपण करायचं काय? हेडफोन फेकून द्या असं आम्ही म्हणणार नाही. आपल्यातले कित्येक जण ही व्याख्यानंही हेडफोनवरच ऐकतात. पण कान झाकून बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन गर्दीत वापरले, तर आवाज वाढवावा लागत नाही. बऱ्याच फोनमध्ये आठवड्याभरात किती आवाजात किती वेळ ऐकलं याची नोंद मिळते, ती बघायला मिनिट लागत नाही. हेडफोन काढल्यावर कानात गुंई आवाज राहत असेल, तर तो कानाने दिलेला निरोप समजा. मुलांच्या बाबतीत ८५ ला सुरक्षित मानू नका. आणि ‘साठ’ की ‘आठ’ हे दोनदा विचारावं लागू लागलं, तर वय कितीही असो, ऑडिओमेट्री करून घ्या.

रामाझिनीच्या तांबटांना दुसरा धंदा निवडता येत नव्हता. बॉयलरमध्ये बसलेल्या माणसाला आवाज कमी करायचं बटण नव्हतं. आपल्याकडे ते आहे, अंगठ्याखाली. पुढच्या वेळी फोनवर ती सूचना आली, तर ‘ओके’ दाबण्याआधी एवढं आठवावं, की तो आकडा पाळी संपल्यावर घरी जाणाऱ्या माणसासाठी ठरवलेला होता. आपली पाळी कधी संपली, हे आपल्यालाच ठरवायचं आहे.

इथे थांबूया.